तुमच्या घरी कोण गातं?

(धुळे येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाची संहिता)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला पाचवीत गाणं शिकवलं. पहिल्या तासाला त्यांनी पेटीचा भाता सोडला आणि स्वर लावण्याआधी आम्हाला विचारलं, ‘तुमच्या घरी कोण गातं?’ एकाचे वडील भजनी मंडळात होते, त्याने हात वर केला. एकाचा काका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, त्यानेही केला. मी उभा राहून सांगितलं, ‘आमच्या घरी कुणी गात नाही, गुरुजी. वडील रेडिओ ऐकतात.’

त्याच पहाटे माझी आई जात्यावर हरभरे भरडत होती आणि गात होती. त्या आवाजानेच मला जाग आली होती. तरी चार तासांनी वर्गात उत्तर देताना ती मला आठवली नाही. मी खोटं बोललो नाही. आई जे करते त्याला गाणं म्हणतात, हेच मला ठाऊक नव्हतं. ते चुकलेलं उत्तर दुरुस्त करायला मी आज उभा आहे.

विषय साधा आहे : आईवडिलांचं गाणं मुलांना कसं दिसतं. या विषयावर बोलताना आपण बहुतेक वेळा वडिलांच्या आवडीबद्दलच बोलतो. वडिलांच्या गाण्याशी आपण भांडतो, त्याला जुनाट म्हणतो आणि चाळिशी उलटली की तेच गुणगुणतो. आईच्या गाण्याशी भांडण होत नाही, कारण ते आपल्या हिशेबातच नसतं. आधी वडिलांचं सांगतो.

वडिलांची वही

आमचं गाव एरंडोलजवळचं. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेबनीस होते. आजोबा वही गायचे. आपल्याकडचं वहीगायन इथे सगळ्यांनी ऐकलेलं आहे : डफावर थाप पडते, एक जण उचलतो, बाकीचे झेलतात आणि रात्र सरते. आजोबांच्या लेखी गाणं म्हणजे देवाचं किंवा कथेचं. सिनेमातलं गाणं त्यांना चालत नसे. ‘हाई बाजारनं गानं घरमा नको,’ हे त्यांचं वाक्य आमच्या घरात शेवटपर्यंत राहिलं.

नेमक्या त्याच काळात दिल्लीतही एक वडीलधारी व्यक्ती हेच म्हणत होती. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं देशाचे नभोवाणीमंत्री होते. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा जाणकार. सिनेसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते, असं त्यांचं ठाम मत होतं आणि त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळवली. १९५२ मध्येच अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ रेडिओ सिलोनवर सुरू झाली आणि बुधवारची रात्र तिच्या नावाची झाली. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात सरकारला ‘विविध भारती’ काढावी लागली.

माझे वडील तेव्हा वीस-बावीस वर्षांचे. घरात रेडिओ नव्हता आणि असता तरी आजोबांनी लावू दिला नसता. बुधवारी रात्री ते बसथांब्यावरच्या हॉटेलाबाहेर उभे राहून गीतमाला ऐकत आणि घरी येऊन कुठलं गाणं कितव्या पायदानावर आहे ते टिपून ठेवत. वही जिनिंगमधलीच, लाल पुठ्ठ्याची, जमा-खर्चाचे रकाने आखलेली. जमेच्या रकान्यात गाण्याचं नाव, खर्चाच्या रकान्यात गेल्या आठवड्याचा क्रमांक.

मी जळगावला कॉलेजात होतो तेव्हा वसतिगृहात आमच्याकडे टेपरेकॉर्डर होता, राहुलदेव बर्मनच्या कॅसेटी होत्या, गझला होत्या. सुट्टीत घरी आलो की वडिलांची गाणी मला संथ, रडकी वाटायची. ते ट्रान्झिस्टर कानाजवळ धरून बसायचे आणि मी उठून बाहेर जायचो. मी बाहेर गेलो की ते आवाज कमी करायचे. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. आज वाटतं.

ते गेल्यानंतर कपाट आवरताना त्या वह्या हाती लागल्या. एक पान माझ्या कायमचं लक्षात राहिलं आहे. तारीख २० ऑगस्ट १९५८, बुधवार. गाण्यांची यादी पूर्ण उतरवलेली, आणि खाली, जिथे बेरीज लिहितात तिथे, बारीक अक्षरात दोन वाक्यं : ‘पाऊस चांगला. मुलगी झाली.’ ती माझी थोरली बहीण. त्या रात्रीही ते हॉटेलाबाहेर उभे होते आणि मुलगी झाल्याचा आनंद टिपायला त्यांना गाण्याचीच वही सापडली.

ती वही वाचताना मला कळलं की ज्या आवडीला मी जुनाट म्हणत होतो, ती त्यांच्या विशीतली बंडखोरी होती. आजोबांच्या डफाविरुद्ध, मंत्र्यांच्या धोरणाविरुद्ध, जिनिंगमधल्या बारा तासांविरुद्ध त्यांनी स्वतःसाठी कमावलेली ती एक रात्र होती. मुलांना वडिलांची आवड दिसते ती तिच्या म्हातारपणी. ती तरुण असताना आपण जन्मलेलो नसतो. म्हणून वडिलांच्या गाण्याला नाव ठेवण्याआधी एवढं विचारावं की हे गाणं त्यांनी पहिल्यांदा कुठे, कुणाला चुकवून ऐकलं होतं.

हे आपल्या भागाला नवं नाही. बालगंधर्व, म्हणजे १८८८ साली जन्मलेला नारायण राजहंस, लहानपणी जळगावात राहिला आणि तिथे मेहबूब खाँ यांच्याकडे त्याने गाण्याचे पहिले धडे घेतले. मराठी घरातला मुलगा खाँसाहेबांसमोर बसून शिकला आणि पुढे स्त्रीवेशात रंगभूमीवर उभा राहिला. त्या काळच्या किती घरांनी नाटकवाल्यांच्या गाण्याला नाकं मुरडली असतील! आज जळगावात त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे, त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव भरतो, आणि आजी-आजोबा नातवंडांना तिथे संस्कार म्हणून घेऊन जातात. एका पिढीने ज्याला थिल्लर म्हटलं, तेच दोन पिढ्यांनी अभिजात म्हणून जपलं.

आईचं काम

आता आईकडे येतो. वडिलांना ‘आवड’ होती. आईला आवड आहे का, असं आमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही. मी स्वतः विचारलं ते वयाच्या पन्नाशीनंतर. म्हटलं, ‘माय, तुला कोणतं गाणं आवडतं?’ ती विचारात पडली. मग रेडिओवरचं एक भजन सांगितलं, मला बरं वाटावं म्हणून. मी म्हटलं, ‘आणि जात्यावर गायचीस ती गाणी?’ त्यावर ती म्हणाली, ‘ते काय गानं शे का बेटा? ते तं काम शे.’

बंधू-भगिनींनो, माझं सगळं व्याख्यान या एका वाक्यात आहे. तिच्या लेखी ते काम होतं, म्हणून माझ्याही लेखी ते गाणं नव्हतं. गावात पिठाची गिरणी आली होती, पण डाळ, भरडा आणि सणाचं पीठ जात्यावरच व्हायचं. निंदणीला ओळ लागली की एक बाई उचलायची, बाकीच्या झेलायच्या. श्रावणात कानबाई बसायची, रोट व्हायचे आणि रात्रभर बाया गायच्या. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी यायच्या, लिंबाला झोके बांधले जायचे आणि गौराईची गाणी सुरू व्हायची. त्या दिवशी पुरुष ओट्यावर पत्ते कुटत बसलेले असत. त्यांच्या कानावर ती गाणी पडत असत, पण ऐकत कुणी नसे.

त्या गाण्यांत माहेर होतं, सासूचा जाच होता, न आलेल्या भावाची वाट होती, मेलेल्या लेकराचं नाव होतं. घरात तोंडाने जे बोलायची सोय नव्हती ते बाई चालीत बोलून टाकायची, आणि काम चालू असल्यामुळे तिला कुणी अडवत नसे. मुलांना मात्र तो घरातला आवाज वाटायचा, रहाटाच्या करकरीसारखा. माझी आई जात्यावर गाताना एका ठिकाणी दर वेळी थांबायची, दाण्यांची मूठ टाकायची आणि मग पुढची ओळ घ्यायची. मला वाटायचं, मुठीसाठी थांबते. पुढे कधीतरी समजलं की त्या जागी तिच्या वारलेल्या बहिणीचं नाव येत असे आणि ते ती उच्चारत नसे.

वडिलांच्या गाण्यात आणि आईच्या गाण्यात आणखी एक मोठा फरक आहे. वडिलांचं गाणं तबकडीवर आहे, टेपवर आहे, आता मोबाइलवर आहे. मी ते तीस वर्षं धुडकावलं तरी एका बटणावर ते परत आलं. आईचं गाणं तिच्या गळ्यात होतं आणि तिच्या कामात होतं. काम गेलं की गाणं जायला वेळ लागत नाही. जातं गेलं, मोट गेली, खळं गेलं आणि लग्नात डीजे आला. तणनाशक फवारायला एक माणूस पुरतो आणि एकटा माणूस भलरी गात नाही.

सोपानदेवांचं ऐकणं

हे सगळं जाण्याच्या कितीतरी आधी खान्देशातल्या एका मुलाने आईचं गाणं ऐकलं. त्याची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पण आज ती मुलाच्या बाजूने सांगतो.

बहिणाबाई चौधरी १८८० साली जळगावजवळच्या असोद्यात जन्मल्या. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरी वाड्यात आल्या, तिशीच्या आसपास विधवा झाल्या. अक्षरओळख नव्हती. शेत, जातं, चूल आणि मुलं, या सगळ्यात त्या गाणी रचत राहिल्या, आपल्या लेवा बोलीत. त्यांचा मुलगा सोपानदेव १९०७ चा. तो शिकला, मोठा झाला आणि स्वतः कवी झाला. ‘काव्यकेतकी’, ‘अनुपमा’ हे त्याचे संग्रह. तेव्हा मराठी कवितेत रविकिरण मंडळाचा बोलबाला होता, सुनीतं आणि गझला लिहिल्या जात होत्या, प्रमाण मराठी ही प्रतिष्ठेची खूण होती. अशा वेळी छापून येणाऱ्या तरुण कवीने आईच्या खेडवळ बोलीतल्या ओळींना घरातला आवाज समजून सोडून दिलं असतं, तर त्याला कुणी दोष दिला नसता. आपण सगळ्यांनी तेच केलं आहे.

सोपानदेवांनी आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती गाणी उतरवून घेतली. आई कामात असताना, तिच्या तोंडून, जशीच्या तशी. किती तरी त्याआधीच विरून गेली होती. जी हाती लागली ती वहीत राहिली आणि ती वहीसुद्धा बरीच वर्षं घरातच राहिली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली, संकोचतच, असं सांगतात. अत्र्यांनी हे सोनं लपवून ठेवणं हा गुन्हा आहे अशा अर्थाचं काही सुनावलं, पुस्तक छापायला लावलं आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ अत्र्यांच्या प्रस्तावनेसह आली.

तो संकोच मला फार महत्त्वाचा वाटतो. आईच्या गाण्याबद्दल मुलाच्या मनात प्रेम असतं आणि त्याच वेळी चारचौघांत ते दाखवायची लाजही असते. सोपानदेवांचं मोठेपण असं की मनात लाज असूनही त्यांनी वही फेकली नाही. आणि हळहळ अशी की बहिणाबाईंनी आपलं पुस्तक पाहिलं नाही.

पुढे १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात ही गाणी वसंत पवारांच्या संगीतात आली आणि घराघरांत गेली. आमच्याकडे रेडिओवर ती लागली की आई हातातलं काम थांबवायची. एरवी रेडिओसाठी तिने कधी काम थांबवलं नाही. ‘हाई तं आपलीच बाई बोली ऱ्हायनी,’ म्हणायची. आपल्यासारख्या बाईचं बोलणं रेडिओवर येऊ शकतं, हे तिला पहिल्यांदा तेव्हा कळलं. आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. १९९० साली स्थापन झालेल्या विद्यापीठाला २०१८ मध्ये निरक्षर बाईचं नाव मिळालं, याच्या मुळाशी एका मुलाची वही आहे.

थाळनेरची आजी

दुसरी गोष्ट धुळे जिल्ह्याची. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेर आहे. फारुकी सुलतानांची ती एकेकाळची राजधानी, हे इतिहासात शिकवतात. लता मंगेशकरांचं ते आजोळ, हे मात्र आपल्याच जिल्ह्यातल्या पुष्कळांना माहीत नसतं. त्यांच्या आई, माई मंगेशकर, थाळनेरच्या लाड घराण्यातल्या.

लताबाईंच्या गाण्याचा उगम सांगताना एक आठवण नेहमी सांगितली जाते. मास्टर दीनानाथ बाहेर गेले होते. शिष्य पूरियाधनाश्री घोटत होता. लहानग्या लताने त्याची चूक दाखवून नीट गाऊन दाखवलं. वडिलांनी ते दारातून ऐकलं आणि घरातच गवई आहे हे त्यांना उमगलं. ही आठवण खुद्द लताबाईंनी अनेकदा सांगितली आहे आणि ती सांगण्यासारखीच आहे. १९४२ साली दीनानाथ गेले तेव्हा लता बारा वर्षांची होती, हृदयनाथ अवघा चार वर्षांचा. त्या मुलांनी पुढे जन्मभर वडिलांचं गाणं शोधलं आणि गौरवलं.

पण लताबाईंनी आणखी एक आठवण सांगून ठेवली आहे. थाळनेरच्या आजीकडून त्या पावागडचे गरबे शिकल्या होत्या. चरित्रांमध्ये हे एका ओळीत येतं आणि संपतं. पूरियाधनाश्रीला पान मिळतं, आजीच्या गरब्याला ओळ मिळते. तापीच्या काठाने गुजरातची चाल खान्देशात आली, एका आजीच्या गळ्यातून नातीच्या कानात गेली, आणि त्या कानाने पुढे साऱ्या देशाला गाणं ऐकवलं. थाळनेरची ती आजी आणखी काय काय गात होती, हे वेळीच कुणीतरी विचारून ठेवायला हवं होतं.

मोबाइलमधली अहिराणी

आता आजच्या मुलांकडे येतो, कारण आज आपणच आईबाप आहोत.

माझ्या पिढीने घरातून अहिराणी काढून टाकली. मुलांचं मराठी शुद्ध व्हावं, पुण्या-मुंबईत कुणी हसू नये, म्हणून आम्ही त्यांच्याशी छापील मराठीत बोललो. आणि गेल्या दहा वर्षांत काय झालं? जळगाव-धुळ्याच्या तरुणांनी अहिराणीत गाणी केली, मोबाइलवर चित्रित केली, यूट्यूबवर टाकली आणि ती लाखोंनी पाहिली गेली. केसांच्या बदल्यात फुगे देणाऱ्या फेरीवाल्याचं गाणं तर अहिराणीचा गंध नसलेल्या लोकांच्या वरातींतही वाजलं. लग्नात पावरीच्या सुरांवर मुलं बेभान नाचतात.

आपल्यातल्या अनेकांना हे आवडत नाही. शब्द उथळ आहेत, ठेका कर्कश आहे, असं आपण म्हणतो. काही गाण्यांबाबत ते खरंही आहे. पण माझ्या कानात अशा वेळी आजोबांचं वाक्य वाजतं : बाजारनं गानं घरमा नको. माझ्या मुलीने अहिराणीतला पहिला शब्द माझ्याकडून नाही, अशाच एका गाण्यातून घेतला. त्याचा अर्थ विचारायला ती माझ्याकडे आली नाही, आजीकडे गेली. दोघी जणी त्या शब्दावरून अर्धा तास बोलत बसल्या, आणि बोलता बोलता आई एक जुनं गाणं म्हणून गेली, जे मी जन्मात ऐकलं नव्हतं. ज्या दाराला मी कुलूप लावलं होतं, ते त्या गाण्याने उघडलं.

म्हणून आईबापांना माझं सांगणं आहे : मुलांचं गाणं घराबाहेर हाकलू नका. एकदा त्यांच्याशेजारी बसून पूर्ण ऐका, मग मत द्या. माझ्या वडिलांनी माझ्यासाठी आवाज कमी केला, तो आवाज मला नंतर वहीच्या पानांत शोधावा लागला. कुठल्याच घरात कुणालाच आवाज कमी करावा लागू नये.

एक विनंती

साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. ‘श्यामची आई’ आपण सगळे वाचतो, पण त्याच माणसाने बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केलं, हे फार थोडे वाचतात. पुण्यात गी पॉइट्विन आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि बाईचं नाव आणि गाव यांची नोंद ठेवली. म्हणजे हे होऊ शकतं. त्याला विद्यापीठ लागत नाही, अनुदान लागत नाही. एक वही लागते, किंवा तुमच्या खिशात आत्ता आहे तो मोबाइल.

पण प्रश्न नीट विचारा. ‘तुला कोणतं गाणं आवडतं?’ असं आईला विचारू नका. ती तुम्हाला बरं वाटेल ते सांगेल. ‘निंदताना काय म्हणायचीस? झोक्यावर काय? माझ्या जन्माच्या वेळी बाया काय गायल्या?’ असं विचारा. हाताला जुनं काम द्या, मूठभर दाणे निवडायला द्या. हात हलू लागले की गाणं येतं, हा माझा अनुभव आहे. ती चुकली तर दुरुस्त करू नका. बोली आहे तशी लिहा. खाली तिचं नाव, माहेरचं गाव आणि तारीख टाका. येत्या आखाजीला बहिणी माहेरी येतील तेव्हा एवढं एक काम करा.

गुरुजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आज देतो : आमच्या घरी आई गात होती. मी विचारायला लागलो तेव्हा ती पंच्याहत्तरीच्या पुढे होती. माझ्या वहीत तिची अकरा गाणी आहेत. त्यांपैकी चार अर्धी आहेत, आणि ती पुरी करायला आता आई नाही.